बॅटरीची उस्तवार

अमेरिकेतली माणसं आरव्ही फिरण्यासाठी घेतात, असा सार्वत्रिक समज आहे आणि आरव्ही विकणाऱ्यांनी तो निगुतीने जपला आहे. यातली ग्यानबाची मेख मिनेसोटात राहणाऱ्याला पहिल्याच वर्षी कळते. इथे मे महिना निम्मा सरेपर्यंत रात्री नळ गोठायची भीती असते आणि ऑक्टोबर लागला की पुन्हा तीच. मधल्या काळातले शनिवार-रविवार मोजायचे, त्यांतून पाऊस, मुलांच्या सॉकरच्या मॅचेस, कुणाकडचं बारसं आणि मराठी मंडळाची सहल वजा करायची. जे काय उरेल त्यात आरव्ही फिरते. बाकी वर्षभर ती उभी असते. उभ्या गाडीला काय लागतं, असं ज्याला वाटतं त्याच्याकडे आरव्ही नाही हे खुशाल समजावं.

ही चीज ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आरव्ही म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाड. काही बसएवढ्या आणि स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या, पण बऱ्याचशा पिकअप ट्रकच्या मागे जोडून ओढायच्या. आत पलंग, शेगडी, फ्रिज, संडास, न्हाणी, आणि जिथे शहाण्या माणसाने कपाट केलं असतं तिथे आणखी एक पलंग. इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट गावाच्या आसपास यांचे इतके कारखाने आहेत की ते गाव स्वतःला जगाची आरव्ही राजधानी म्हणवतं. जाहिरातीत तळ्याकाठी खुर्च्या टाकून कॉफी पिणारं जोडपं दिसतं, मागे ट्रेलरच्या खिडकीत पिवळा उजेड दिसतो. तो उजेड पाडणारी बारा व्होल्टची बॅटरी मात्र कुठे दिसत नाही. ती ट्रेलरच्या पुढच्या लोखंडी दांड्यावर एका काळ्या प्लॅस्टिकच्या डब्यात बसलेली असते. दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा, सगळे तिच्या जिवावर.

माझ्या साडूंनी असा एक सव्वीस फुटी ट्रेलर घेतला. साडू मूळचे मिरजेचे. तिकडे त्यांच्या घरी इन्व्हर्टर होता आणि त्याच्या बॅटरीत पाणी घालायला अधूनमधून एक बॅटरीवाला येई. तो झाकणं उघडायचा, ‘पाणी लई कमी झालंय’ म्हणून घरच्यांना अपराधी वाटायला लावायचा, कॅनमधलं डिस्टिल्ड पाणी ओतायचा आणि पैसे घेऊन जायचा. बॅटरीशी घरच्यांचा संबंध तेवढाच. अमेरिकेत आल्यावर माणसाने मागे सोडलेले सगळे ‘वाले’ त्याला स्वतःलाच व्हावं लागतं. साडू नळवाले झाले, रंगवाले झाले, गवतवाले झाले. ट्रेलर आला आणि ते बॅटरीवाले झाले.

ट्रेलर घरासमोर उभा करून प्लग लावून ठेवता आला असता तर हा लेख इथेच संपला असता. पण इथल्या बऱ्याच वसाहतींना आपापल्या सोसायट्या असतात आणि त्यांना ट्रेलर बघवत नाही. साडूंच्या सोसायटीत तो दोन दिवसांपेक्षा जास्त उभा दिसला की दारावर चिठ्ठी येते. म्हणून तो गावाबाहेर, मक्याच्या शेतांपलीकडे, भाड्याच्या लॉटवर जातो. खडी पसरलेलं मैदान, भोवती जाळी, आकडे दाबून उघडायचं फाटक आणि आत पांढऱ्या ट्रेलरांच्या रांगा. विजेचा प्लग नाही. हिवाळ्यासाठीची बाकीची तयारी एका दिवसात उरकते. नळांतलं पाणी काढून गुलाबी अँटिफ्रीझ भरायचं, उंदरांच्या वाटा बुजवायच्या, टायरांना टोप्या घालायच्या, की विषय संपला. बॅटरीचा विषय तिथून सुरू होतो.

शिशाची बॅटरी गास्तों प्लांते नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १८५९ साली बनवली. एवढ्या वर्षांत तिचं रूप पुष्कळ सुधारलं, स्वभाव जिथल्या तिथे आहे. तिला कशालाही जोडू नका, हात लावू नका, तरी महिन्याला पाचेक टक्के वीज ती आपण होऊन गमावते. उकाड्यात जास्त, थंडीत कमी, वय झालं की आणखी जास्त. अशी उतरलेली पडून राहिली की आतल्या शिशाच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे धरतात. ताजे असतात तोवर चार्ज केल्यावर विरतात, पण महिनोन् महिने राहिले की असे घट्ट होतात की कुठलाही चार्जर त्यांचं काही वाकडं करू शकत नाही. रात्रभर हीटर चालवून दमलेली बॅटरी दुसऱ्या दिवशी चार्ज केली की ताजीतवानी होते. उतरलेली आणि नुसती बसून राहिलेली बॅटरी उठतच नाही.

त्यात आतले फितूर वेगळेच. दिवे मालवले, फ्रिज बंद केला, दाराला कुलूप लावलं, तरी ट्रेलरमध्ये काही मंडळी जागीच असतात. गॅसची गळती हुंगणारा डिटेक्टर रात्रंदिवस हुंगत बसतो. सिलिंडर तुम्ही काढून घरी नेलेत हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. रेडिओ आपलं घड्याळ चालू ठेवतो. नोव्हेंबर ते एप्रिल त्या रिकाम्या अंधारात वेळ कुणाला बघायची असते, देव जाणे. या सगळ्यांची मिळून भूक शंभरेक मिलिअँपिअरची. ऐकायला चिल्लर वाटते, पण दिवसाला २.४ अँपिअर-अवर होतात आणि ट्रेलरबरोबर येणारी बॅटरी साधारण ८० अँपिअर-अवरची. म्हणजे महिना-सव्वा महिन्यात खडखडाट. त्यातून एक पिन असते. चालता ट्रेलर गाडीपासून सुटलाच तर ती निघते आणि ब्रेक आपोआप लागतात. ती उभ्या ट्रेलरची चुकून निघाली, तर मुख्य स्विच बंद असला तरी बहुतेक ट्रेलरांत हे ब्रेक बॅटरीवर ताव मारतात. जागचा न हललेला ट्रेलर थांबवून धरण्यात एका रात्रीत बॅटरी खलास.

आणि मग जानेवारी येतो. पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे ५० अंश सेल्सिअसलाही गोठत नाही. उतरलेल्या बॅटरीत मात्र ते इतकं पाणचट झालेलं असतं की उणे ७ ते १० अंशांतच त्याचा बर्फ होतो. मिनेसोटात उणे ७ म्हणजे जानेवारीतला बरा दिवस, लोक जाकिटाची चेन उघडी टाकून फिरतात. बर्फ झाला की तो फुगतो, प्लेटा वाकतात, खोकं तडकतं आणि एप्रिलमध्ये काळ्या डब्यात आम्लाचं तळं सापडतं.

हे सगळं वाचून साडू दर ऑक्टोबरअखेर बॅटरी काढून घरी आणतात. तो सोहळा बघण्यासारखा असतो आणि बॅटरी धरायला म्हणून मला तो बघावा लागतो. साडू आधी गॉगल चढवतात, मग हातमोजे, मग हातमोजे काढून मोबाइलवर वायरींचा फोटो घेतात, मग पुन्हा हातमोजे. नियम साधा आहे. काढताना आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह, आणि लावताना उलट. म्हणजे पाना चुकून लोखंडाला टेकला तरी ठिणगी उडत नाही. गोम आहे ती रंगात. मोटारीत लाल वायर पॉझिटिव्ह आणि काळी निगेटिव्ह, हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. ट्रेलरमध्ये बहुतेक वेळा काळी पॉझिटिव्ह असते आणि पांढरी निगेटिव्ह. त्यामुळे एप्रिलमध्ये काही माणसं आत्मविश्वासाने काळी वायर निगेटिव्हला लावतात, ‘फट्’ असा आवाज होतो आणि आतल्या पॅनेलमधले फ्यूज उडतात. हे फ्यूज खास या एकाच प्रसंगासाठी बसवलेले असतात. कारखान्यात कुणीतरी गिऱ्हाईक नीट ओळखून होतं. साडूंचे ते फ्यूज पहिल्याच एप्रिलमध्ये उडाले. फोटोची प्रथा तेव्हापासूनची.

शेजारच्या जागेवर एका निवृत्त शेतकरी आजोबांचा ट्रेलर असतो. साडूंनी दुसऱ्यांदा हातमोजे घालेपर्यंत आजोबांचं सगळं आवरलं होतं. त्यांनी पांढरी वायर सोडवली, बाजूला बांधली, डब्याचं झाकण लावलं आणि पॅंटला हात पुसले.

‘झालं?’ साडूंनी विचारलं.

‘झालं की. घरून फुल चार्ज करून आणलीय. आता वायर सुटी केली, म्हणजे कुणी खाणार नाही. थंडीत मस्त झोपेल.’

‘मधे बघायला येत नाही तुम्ही?’

‘बघायला काय आहे? बर्फ?’

‘आणि एप्रिलमध्ये?’

‘गेल्या एप्रिलला साडेबारा व्होल्ट होती.’

आजोबांचं शास्त्र पक्कं होतं. कडाक्याच्या थंडीत बॅटरीची आपोआप होणारी गळती जवळजवळ थांबते, आणि भरलेली असेल तर ती गोठतही नाही. फुल चार्ज करा, वायर सोडा, घरी जा, हा उपाय उत्तम. साडूंना तो पटला, पण मानवला नाही. काहीही न करता वस्तू चांगली राहते, यावर आपल्या मध्यमवर्गाचा विश्वास नाही. घासून, पुसून, झाकून, वर्षातून दोनदा उन्हं दाखवून टिकवली तरच ती टिकली असं आपण मानतो.

मग बॅटरी साडूंच्या बेसमेंटमध्ये येते आणि तिचं माहेरपण सुरू होतं. आल्या आल्या खायच्या सोड्याच्या पाण्याने टर्मिनलं धुतली जातात, म्हणजे वर साचलेली आम्लाची पांढरी-हिरवी बुरशी जाते आणि स्वयंपाकघरातला सोड्याचा डबाही जातो. नंतर तिला बसायला पाट मिळतो. बॅटरी काँक्रीटच्या जमिनीवर ठेवली की उतरते, असं इथली जुनी माणसं अजून सांगतात. पूर्वी खोकी लाकडाची आणि रबराची असत, ती पाझरत, ओल्या जमिनीवर वीज झिरपायला वाट मिळे, तेव्हा त्यात तथ्य होतं. आताचं खोकं पक्क्या प्लॅस्टिकचं. जमीन काँक्रीटची असो की संगमरवरी, त्याला काही होत नाही. गार फरशी उलट बरी. मी हे साडूंना सांगितलं.

‘माहितेय हो मला,’ ते म्हणाले. ‘पण पाट ठेवला तर काय बिघडतं?’

बिघडलं ते वरच्या मजल्यावर. ‘भावोजी,’ मेव्हणी म्हणाली, ‘गौरी-गणपतीचा पाट आहे तो. सामानातनं मिरजेहून आणलाय. बघून या जरा, कोण बसलंय त्यावर.’

चार्जरचीही एक कथा आहे. जुने चार्जर भोळे. बॅटरी भरली तरी ढकलत राहायचे, आतलं पाणी उकळून उडून जायचं आणि वसंतात कोरड्या प्लेटा हाती यायच्या. आताचे चार्जर वाढण्यात तरबेज आहेत. सुरुवातीला भरभरून, नंतर हात आखडता घेत, आणि पोट भरलं की १३.२ ते १३.६ व्होल्टच्या दरम्यान थांबून नुसतं ‘हवंय का अजून’ असं विचारत राहतात. तेव्हा चार्जरवर हिरवा दिवा लागतो. साडू रोज रात्री जेवण झालं की तो हिरवा दिवा बघायला खाली जातात. महिन्यातून एकदा झाकणं उघडून पाणी बघतात. डिस्टिल्ड पाणी चार्ज झाल्यावर घालायचं, आधी नाही, कारण चार्ज होताना पातळी वर येते आणि आधीच काठोकाठ भरलेलं आम्ल पाटावर सांडतं. पाट कुणाचा, ते वर आलंच आहे. चार्ज होताना थोडा हायड्रोजन सुटतो, म्हणून हवा खेळती हवी असं पुस्तकात लिहिलंय. साडू भर जानेवारीत बेसमेंटची खिडकी किलकिली ठेवतात. त्या फटीतून बाहेर गेलेल्या उबेच्या पैशांत नवी बॅटरी आली असती, असं मेव्हणीचं म्हणणं आहे. नवी शंभर-दीडशे डॉलरला मिळते, आणि जुनी परत दिली तर त्यातलेही थोडे सुटतात.

आठवड्यातून एकदा चार्जर काढून मल्टिमीटर लावला जातो. चार्जर काढल्या काढल्या आकडा खोटा येतो, त्यामुळे काही तास थांबायचं. १२.६-१२.७ म्हणजे पूर्ण, १२.४ म्हणजे पाऊण, १२.१च्या आसपास म्हणजे निम्मी, आणि बाराच्या खाली म्हणजे घरात तोंड लपवायची वेळ. साडू हा आकडा कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतात. रविवारी सकाळी नुसतं ‘१२.७’ असं येतं आणि मिरजेहून काका लगेच जोडलेले हात पाठवतात. काकांना तो ताप वाटतो की भाव, हे त्यांना अजून कुणी विचारलेलं नाही.

लॉटवर इतरही पंथ आहेत. सौरपंथी छपरावर पॅनेल लावतात आणि सूर्यावर भार टाकून निर्धास्त होतात. मिनेसोटात डिसेंबरच्या शेवटी दिवस पावणेनऊ तासांचा, त्यातही सूर्य क्षितिजाला घासून जातो आणि पॅनेलवर फूटभर बर्फ. तो झाडायला शिडी घेऊन लॉटवर जाणारी माणसं मी पाहिली आहेत. फुकटच्या विजेसाठी इतकी मेहनत मी अन्यत्र पाहिलेली नाही. लिथियमपंथी पैसेवाले. त्यांची बॅटरी हलकी, दीर्घायुषी, महिनोन् महिने फारशी न उतरणारी. पण ती शून्य अंशांखाली चार्ज करायची नाही, आतून खराब होते. म्हणून तिच्यात एक सर्किट असतं आणि ते थंडीत चार्जरला सरळ दारातून परत पाठवतं. काही लिथियम बॅटऱ्यांना आतून ऊब देणाऱ्या गाद्या असतात. गादी गरम करायला वीज लागते, काहींत ती बॅटरीतूनच जाते, म्हणजे वीज घेण्याइतकं गरम होण्यासाठी आधी वीज खर्चायची. शिवाय लिथियम साठवताना निम्मी भरलेली चांगली आणि शिशाची काठोकाठ. त्यामुळे दोन पंथांचे लोक कुंपणाशी भेटले की एकमेकांना कळकळीने जो सल्ला देतात तो पाळला तर दोघांचंही नुकसान होतं.

सर्वांत शहाणे ते, जे थंडी पडायच्या आत ट्रेलर जोडून ॲरिझोनाकडे सुटतात. क्वार्ट्झसाइट नावाच्या वाळवंटातल्या गावाभोवती हिवाळ्यात आरव्हींचं शहर वसतं. तिथे बॅटरी रोज चार्ज होते, रोज वापरली जाते आणि मजेत जगते. पण यांतलेच काही एप्रिलमध्ये ट्रेलर तिथेच ठेवून परततात. मग वाळवंटाचा उन्हाळा सुरू होतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की बॅटरीची आपोआप उतरण्याची गती दुपटीच्या घरात जाते, आणि तिथे ते पंचेचाळिसापर्यंत चढतं. आतलं पाणीही आटतं. उत्तरेत ठेवली तर गोठेल ही धास्ती, दक्षिणेत ठेवली तर सुकेल ही.

खरं म्हणजे शिशाच्या बॅटरीला लागतं फार थोडं. पूर्ण चार्ज, सुटी वायर आणि दोन महिन्यांतून एकदा मीटर. सगळं मिळून हिवाळ्याला तासाभराचं काम. राहिलेली उस्तवार तिच्यासाठी नसतेच. बाहेर उणे पंचवीस, दुपारी साडेचारला अंधार, मंडळाचे कार्यक्रम संक्रांतीपर्यंत बंद. अशा दिवसांत माणूसही रोज थोडा-थोडा उतरत असतो. कुठे न जाता, काही न करता. त्याला जेवणानंतर खाली जाऊन बघायला काहीतरी लागतं, आणि ‘सगळं ठीक आहे’ असं सांगणारा हिरवा दिवा घरात दुसरा नसतो. मुलं तसं सांगत नाहीत, ऑफिस तर नाहीच नाही.

हे फक्त आपल्या लोकांचं आहे असं मला वाटत होतं. फेब्रुवारीत छपरावर बर्फ किती साठलाय ते बघायला आम्ही लॉटवर गेलो. फाटकापाशी आजोबांचा ट्रक चालू ठेवून उभा. आजोबा आत कॉफी पीत आपल्या ट्रेलरकडे बघत बसले होते. साडूंनी काचेवर टकटक केली.

‘बॅटरी बघायला आलात?’

‘छे छे,’ आजोबा म्हणाले. ‘वाटेवर होतं, म्हणून थांबलो.’

तो रस्ता लॉटपाशी संपतो. पुढे नुसती शेतं आहेत.

मार्चमध्ये मेव्हणीने हिशेब मांडला. लॉटचं भाडं, विमा, पेट्रोल, गुलाबी अँटिफ्रीझ, सोडा, खिडकीतून गेलेली ऊब, सगळं एका बाजूला आणि ट्रेलरमध्ये झोपलेल्या रात्री दुसऱ्या बाजूला. एका रात्रीचा जो भाव निघाला त्यात शिकागोला चांगल्या हॉटेलात, नाश्त्यासकट राहता आलं असतं. साडूंचा चेहरा बाराच्या खाली गेला. ट्रेलर विकायला काढावा लागणार असं धरून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी भिंतीकडे.

‘विकू देत की खुशाल,’ मेव्हणी मला म्हणाली. ‘पण भावोजी, बॅटरी राहू दे म्हणावं. रोज रात्री तासभर हे खाली असतात, तेवढाच वेळ टीव्हीचा रिमोट माझ्या हातात येतो.’